एकच मोजा, जोडी नको

"ज्याला द्यायचंय, त्याला आधी विचार गं," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मटार सोलता सोलता, वर न बघता. त्यांची महत्त्वाची वाक्यं नेहमी भाजी निवडतानाच येतात, त्यामुळे ती मनावर घ्यायची की सालांबरोबर टाकून द्यायची, हे कळत नाही. मी म्हटलं, "आई, विचारलं की माणूस 'नको'च म्हणतो. स्वाभिमान असतो ना!" 'स्वाभिमान' हा शब्द मी अशा काही ठसक्यात उच्चारला की त्यांच्या हातातला दाणा उडून सोफ्याखाली गेला. त्या पुढं एक अक्षर बोलल्या नाहीत. सासूबाई गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं, असं मला तेव्हा वाटायचं. हल्ली वाटत नाही.

तर हे सगळं ज्यांच्यासाठी झालं, ते मेजर. ते मेजर नव्हते. लष्करात त्यांनी सगळी नोकरी ट्रक चालवण्यात घालवली. पण आमच्या इमारतीला एक मेजर हवा होता आणि मिशा त्यांनाच होत्या. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. तिथं ते कृत्रिम पाय लावतात. पाय लढाईत गेला, असं इमारतीचं ठाम मत आहे. ते स्वतः सांगतात, "लढाई कसली, टायर बदलताना जॅक सटकला." हा त्यांचा विनय आहे, असं इमारतीचं त्याहून ठाम मत आहे.

मेजर रोज दुपारी फाटकाजवळ बसत. त्याच वेळी माझ्या लेकीची, पिल्लूची, शाळेची बस येते. बस कधीकधी लवकर येते; आमची लिफ्ट कधीच लवकर येत नाही. या दोन्हींच्या मधल्या वेळात माझी मुलगी मेजरांच्या ताब्यात असे. ती बसमधून उतरून कडक सॅल्यूट ठोकायची, ते बसल्या बसल्या त्याहून कडक ठोकायचे, आणि मग दोघं माझी वाट बघत, मी कशी उशिरा येते यावर गंभीरपणे बोलत बसायची. मी काळजी करणारी आई आहे. पिल्लूच्या डब्यातली द्राक्षं मी अजून चिरून देते. जगात मी तिला बिनघोर ज्यांच्यावर सोपवते अशी दोनच माणसं: सासूबाई आणि मेजर. (नवऱ्याचं नाव यादीत नाही हे त्याने वाचलं तर त्याला कारण माहीत आहे.)

आणि एके दिवशी मेजर फाटकाजवळ दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. पिल्लू रिकाम्या हवेत सॅल्यूट ठोकून रडवेली उभी राहायला लागली. मला लिफ्ट सोडून जिन्याने धावत उतरावं लागायला लागलं, आणि एकदा एक चप्पल वरच राहिली.

गच्चीवर कपडे वाळत घालताना मेजरकाकू भेटल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका हल्ली दिसत नाहीत?"

"पाय नको म्हणतोय खाली यायला," काकू म्हणाल्या आणि चिमट्यांच्या पिशवीत नको इतकं खोल बघायला लागल्या.

आता मी शिकलेली बाई. निरीक्षण ही माझी जमेची बाजू. काकूंच्या दोरीवर एक लोकरीचा मोजा लटकत होता. टाच नसलेला, निमुळता, पिशवीसारखा. तो काकांच्या उरलेल्या पायावर चढवायचा, वरून कृत्रिम पाय, हे मला ठाऊक होतं. आणि त्या मोज्याच्या टोकाला चक्क भोक पडलेलं होतं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोजा फाटलाय, पायाला टोचतंय, परवडत नसेल किंवा मिळत नसेल, सांगायची लाज वाटतेय. देशासाठी पाय दिलेला माणूस (जॅकचं मी त्या क्षणी विसरले) एका मोज्यावाचून घरात कोंडून बसलाय!

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी ते मटाराचं वाक्य उच्चारलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजी सैनिकांच्या मदत कार्यालयात हजर झाले.

खिडकीमागच्या कारकुनांना मी म्हटलं, "मोजा पाहिजे."

"काय मोजायचंय?"

"मोजायचं नाही. मोजा. लोकरीचा. ज्यांना पाय नाही, त्यांच्या पायाचा."

"असं नीट सांगा ना." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "भोकाचा की बिनभोकाचा?"

मी थक्क झाले. म्हणजे इथं फाटके मोजेसुद्धा वाटतात, आणि वर निवड विचारतात! "बिनभोकाचा!" मी जरा मोठ्यानेच म्हणाले. रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. "सैनिकाला फाटका मोजा देता तुम्ही?"

कारकुनांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघून त्यांनी 'बिनभोकाचा' असं लिहून टाकलं. "किती जोड?"

"जोड नाही. एकच. त्यांना एकच पाय आहे. म्हणजे, एकच पाय नाही."

"एक नग निघत नाही बाई. जोडच निघतो."

"मग जोड द्या. एक धुवायला, एक घालायला."

"एका पायाला दोन मोजे म्हणजे दुबार लाभ. लगेच आक्षेप येतो." ते पुढे वाकून आवाज खाली आणत, खास माझ्या भल्यासाठी म्हणाले, "असं करा, दुसरा एखादा एका पायाचा माणूस आणा. जोड फोडून दोघांना देता येईल. शक्यतो याच भागातला बघा."

मी बाहेर आले. बस थांब्यापर्यंत चालताना मी समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पायांकडे आशेने बघत होते, हे लक्षात आल्यावर मला माझीच इतकी लाज वाटली की मी रिक्षा केली.

नवरा म्हणाला, "तूच विण की." त्याला वाटतं विणकाम म्हणजे दोन सुया आणि मोकळा वेळ. माझ्याकडे दोन सुया होत्या. मोबाइलवर एक परदेशी बाई हळूहळू विणून दाखवत होती, मी भराभरा उसवत होते. शेवटी एक वस्तू तयार झाली. नवऱ्याने ती किटलीवर घालून बघितली आणि म्हणाला, "मस्त बसलीय!" पिल्लूने डोक्यावर घातली, ती नाकापर्यंत आली. सासूबाईंनी चष्मा लावून उलटसुलट पाहिली. "भोक नाही कुठं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, कौतुक करतायत.

तरी एवढ्यावर भागत नव्हतं. एक मोजा तो किती दिवस पुरणार? म्हणून मी इमारतीच्या ग्रुपवर निरोप टाकायचं ठरवलं. अर्थात मेजरांचं नाव न घेता. स्वाभिमान. सेक्रेटरींना आधी दाखवला, कारण त्यांना न दाखवता ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी ते तीन दिवस लिफ्टमध्ये बोलत नाहीत. माझा निरोप असा होता: 'एका माजी सैनिकासाठी लोकरीचा एकच मोजा हवा आहे. जोडी नको. जाड, टाच नसलेला. कुठे मिळतो हे माहीत असल्यास कृपया कळवावे.'

सेक्रेटरींनी तो सुधारला. त्यांच्या मते लांब निरोप कुणी वाचत नाही. ग्रुपवर आला तो असा: 'सैनिकांसाठी मोजा!! प्रत्येक घरातून एकच मोजा. जोडी नको. देशसेवा आपल्या दारी.' खाली माझा फ्लॅट नंबर.

आता विचार करा. जगात असं एक तरी घर आहे का, जिथं एकटा पडलेला मोजा नाही? धुण्याच्या मशीनमध्ये दोन जातात, एक बाहेर येतो. दुसरा कधीतरी सापडेल म्हणून माणूस पहिला टाकत नाही. वर्षानुवर्षं कपाटाच्या खालच्या खणात जोडीदार गमावलेले ते जीव पडून असतात. त्यांना टाकवतही नाही, घालवतही नाही. आणि अचानक कुणीतरी सांगतं, की देशाला नेमके तेच हवे आहेत! इमारतीत त्या संध्याकाळी जो सुटकेचा निःश्वास सुटला, त्याने खिडक्यांचे पडदे हलले असतील.

दार वाजायला लागलं. शाळेचे मोजे, ऑफिसचे मोजे, सशाचे कान असलेले मोजे, तान्ह्या बाळाचे मोजे. ("बाळाचा मोजा सैनिकाला?" "अहो, भावना बघा!") चौथ्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी प्रत्येक मोज्याला 'डावा', 'उजवा' अशा चिठ्ठ्या टाचून पाठवल्या. मोज्यात डावं-उजवं नसतं हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही; त्यांनी आयुष्यभर फक्त बरोबर उत्तरं दिली आहेत. वकीलबाईंनी एक उंची, काळा, रेशमी मोजा दोन बोटांत धरून आणला.

"हा त्याचा. घटस्फोटाच्या वेळी दुसरा तो घेऊन गेला."

"वकीलबाई, हा लोकरीचा नाही."

"नसू दे. सीमेवर जाऊ दे. जितका लांब जाईल तितकं बरं."

मी समजावत होते की एकच हवाय, जाड हवाय, टाच नकोय. कुणी ऐकत नव्हतं. "किती जमले?" सेक्रेटरी रोज विचारत. "मोजे?" मी विचारायची. "हो, मोजा." "मोजा म्हणजे?" "अहो, मोजे मोजा!" मराठी भाषेचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

त्यात शेजारच्या इमारतीला बातमी लागली. मग समोरच्या. मग ज्यांचे हरवलेले मोजे सापडले, ते परत यायला लागले. "तो सापडला हो! गादीखाली होता! आमचा करडा द्या ना परत." मी करड्यांच्या ढिगात हात घालून शोधत बसायची, आणि माझं लक्ष नाही तोवर बायका आपापसात उरलेल्यांच्या जोड्या जुळवायला लागायच्या. "हा तुमचा निळा आणि हा आमचा निळा, अगदी शोभतात." दिवाणखान्यात बसायला जागा उरली नाही. पिल्लू मोज्यांच्या डोंगरावरून घसरायची, मी तिला रोगराईच्या भीतीने दिवसातून दोनदा आंघोळ घालायची. सासूबाई बाल्कनीत खुर्ची टाकून शांतपणे बसलेल्या. मटार संपले होते, पण चेहरा सोलतानाचाच होता.

शेवटी सेक्रेटरी पावले. "पंपाच्या खोलीत ठेवा सगळं. तिथं एक लांबलचक लाकडी काहीतरी पडलंय, त्यावर पोती रचा, ओल लागणार नाही." वॉचमनने आणि मी सगळे मोजे पोत्यांत भरले आणि पोती रचली. लांबलचक लाकडी जे काही होतं ते बऱ्यापैकी भक्कम होतं, एवढंच माझ्या निरीक्षणात आलं.

मला वाटलं, संपलं. पण सेक्रेटरींच्या डोळ्यांत आता समारंभ तरळायला लागला होता. फलक तयार झाला: 'एक घर, एक मोजा, एक जवान'. माइकवाला ठरला. सैनिकांच्या वतीने मोजे स्वीकारायला कोण? अर्थात मेजर! प्रमुख पाहुणे! निमंत्रण घेऊन सेक्रेटरी गेले आणि पडेल चेहऱ्याने परत आले.

"नाही म्हणतात. म्हणे, पाय खाली यायला नको म्हणतोय. मी म्हटलं, खुर्चीत बसवून चौघं उचलून आणू. तर एकदम भडकले. 'उचलून आणायला मी कपाट आहे का?' म्हणाले आणि दार लावून घेतलं."

मी जिन्यातच बसले. ज्या माणसाला मोजा नाही म्हणून हा सगळा उपद्व्याप, त्याला मोज्यांच्या समारंभाला येता येत नाही, कारण त्याला मोजा नाही! आणि आता तर इमारतीतल्या सगळ्यांसमोर त्यांना कपाटासारखं उचलायची भाषा झाली. हा माणूस आता कधीच खाली येणार नाही, पिल्लू कधीच सॅल्यूट ठोकणार नाही, आणि याचं सगळं श्रेय माझ्या दारावरच्या नंबरला.

घरी जाऊन मी किटलीवरची ती वस्तू उचलली. सासूबाईंनी विचारलं, "विचारायला चाललीस?" मी चपला घातल्या. 'हो' म्हणणं फार जड गेलं असतं.

मेजरांनी दार उघडलं. पाय लावलेला होता, ताठ उभे होते. मी ती वस्तू पुढे केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: दोरीवरचा मोजा, भोक, कारकून, दुबार लाभ, पोती.

मेजरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता ओरडणार. ते हसत होते. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, ऐकलंस का!" त्यांनी आतून काकूंना बोलावलं. "आपल्या मोज्याला भोक पडलंय!" काकूही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी मध्ये उभी, हातात किटलीची टोपी.

"पोरी, ते भोक असतंच," शेवटी ते म्हणाले. "आत रबराची पिशवी घालतो, तिच्या टोकाला खिळा. वरून मोजा. खिळा त्या भोकातून बाहेर काढायचा आणि पायात बसवायचा. खट्! बिनभोकाचा मोजा घातला तर पाय माझ्या आधी जिना उतरेल. मोजे भरपूर आहेत मला, खण भरलाय." त्यांनी माझी कलाकृती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "वीण घट्ट आहे हं. भोक ठेवायला विसरलीस फक्त."

भोकाचा की बिनभोकाचा! त्या कारकुनांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि माझे कान तापले.

"मग काका," मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. "तुम्ही खाली का येत नाही?"

हसणं थांबलं. मेजरांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी खिडकीकडे.

"येऊन बसू कुठं?" ते म्हणाले.

मी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकाजवळ जिथं त्यांचं बाक होतं, तिथं सुशोभीकरण झालं होतं. एका रांगेत कुंड्या, त्यांत एकसारखी, उंचीने बेताची, अत्यंत आज्ञाधारक झाडं. तीन मजल्यांवरून पिल्लूच्या बुटाची सुटलेली नाडी मला दिसते. ती नाडी बांधायला मी धावत त्या कुंड्यांना वळसा घालून रोज जात होते. पण बाक गेलेलं मला दिसलं नव्हतं.

"चालता येतं मला, फाटकापर्यंत काय, त्याच्या पुढंही," मेजर म्हणाले. "पण तिथं उभं राहवत नाही फार वेळ. आणि बस काय, कधी येते, कधी नाही."

"मग सेक्रेटरींना सांगायचं ना!"

"काय सांगायचं? लोकांनी हौसेनं झाडं लावलीत. माझ्या एकट्याच्या बुडाखाली जागा द्या म्हणून उपटायला लावू?" ते माझ्या विणलेल्या वस्तूची घडी घालत म्हणाले, "तो जॅक सटकला ना, तेव्हापासून माझ्यासाठी कुणी काही उचललं की मला आवडत नाही बघ."

मी खाली धावले. सेक्रेटरी माइकवाल्याशी हुज्जत घालत होते. "बाक कुठंय?" मी विचारलं.

"कुठलं बाक?"

"फाटकाजवळचं!"

"ते होय! जपून ठेवलंय की. पंपाच्या खोलीत. तुम्हीच तर त्यावर पोती..." ते बोलता बोलता थांबले, कारण माझा चेहरा बहुधा कार्यालयातल्यासारखा झाला होता.

तर असं. लांबलचक, लाकडी आणि बऱ्यापैकी भक्कम. मेजरांच्या मदतीसाठी जमवलेली सगळी पोती मी स्वतःच्या हाताने, ओल लागू नये म्हणून, मेजरांच्या बाकावर रचली होती.

पोती उतरवली. पुन्हा माझ्याच घरी आली, दुसरं कुठं जाणार? नवऱ्याने आणि वॉचमनने कुंड्या सरकवल्या, बाक जागेवर आलं. एवढं साधं. पण सेक्रेटरींचा माइक आलेला होता, फलक छापलेला होता आणि मोज्यांचं उद्घाटन रद्द झालेलं होतं. त्यांनी हार मानली नाही. बाकालाच आडवी लाल फीत बांधली आणि जाहीर केलं, की उद्या दुपारी 'सैनिक सन्मान बाका'चं रीतसर उद्घाटन होईल, तोपर्यंत कुणीही बसू नये. वकीलबाईंनी कात्री देऊ केली. हेडमास्तरांनी 'बाक'चं सामान्यरूप बरोबर आहे का ते तपासून दिलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी माइकवर "हॅलो, हॅलो, एक, दोन" करत होते तोच जिन्यातून काठीचा आवाज आला. टक, आणि मग थोड्या वेळाने टक. सगळे जिन्याकडे वळले. मेजर एकटे, कुणाचाही हात न धरता, कुणालाही उचलू न देता आले. फितीकडे बघितलं. मग सेक्रेटरींकडे. मग शांतपणे फितीसकट बाकावर बसले. फीत तुटली नाही, त्यांच्याखाली दबली. सेक्रेटरींच्या हातात कात्री तशीच उघडी.

बस आली, लवकर. लिफ्ट अडकली होती, पण त्या दिवशी मी खालीच होते. पिल्लू उतरली, बाकाकडे बघितलं, दप्तर तिथंच टाकलं आणि असा सॅल्यूट ठोकला की तिची टोपी उडाली. मेजरांनी बसल्या बसल्या त्याहून कडक ठोकला. मग मला म्हणाले, "आज वेळेवर आलीस गं, काय झालं?"

सासूबाई बाल्कनीतून बघत होत्या. रात्री जेवताना त्या काही म्हणतील म्हणून मी तयारीत होते. त्या फक्त म्हणाल्या, "पोत्यांचं काय करणार?" ते मला अजून माहीत नाही. कार्यालयातून बिनभोकाचा एक जोड मंजूर झाल्याचा निरोपही आलाय, तो घ्यायला कसं तोंड दाखवायचं तेही माहीत नाही.

एवढं मात्र माहीत झालंय, आणि तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. तुमच्या फाटकाजवळ, कोपऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर रोज बसणारं कुणी असेल. लष्करातलं असेल, नसेलही. ते गेले काही दिवस दिसलं नसेल. आधी ते जिथं बसायचं, ती जागा शाबूत आहे का तेवढं बघा. मग त्याच्या दाराची बेल वाजवा आणि विचारा. आज जमलं तर आजच जा.

मोजे नेऊ नका.